मंगळवार आणि शुक्रवारचा बिघाड

हे मला इंग्रजीत लिहिता आलं असतं. सव्वीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजीच शिकवलं, आणि तुम्हा दोघांनाही तेच सोपं गेलं असतं. तरी मराठीत लिहिते आहे, त्याला कारण आहे. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणजे हे तुमच्या बाबाला वाचून दाखवावं लागेल. यात त्याची काही वाक्यं आहेत. ती त्याने स्वतःच्या तोंडाने वाचावीत. माझ्याबद्दल जे लिहिलं आहे, तेही त्याने गाळू नये.

न्यू जर्सीतलं, आयसेलिनपासून वीस मिनिटांवरचं ते घर तुम्हाला आठवत असेल. एकमेकांना चिकटलेल्या आठ घरांच्या रांगेतलं शेवटचं. तुम्हाला सांभाळायला म्हणून आम्हाला भारतातून बोलावलं आणि आम्ही तुम्हाला सांभाळलं. थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा सहा वर्षांचा असताना तुमच्या बाबाला दूर दुसऱ्या राज्यात, अर्विंगला, चांगली नोकरी मिळाली. तुम्ही चौघं गेलात, आणि आम्ही घर सांभाळायला मागे राहिलो. तिकडे बस्तान बसलं की तुम्हाला नेतो, असं तो म्हणाला होता. त्याला चार वर्षं झाली होती.

मला अर्विंगला यायचं होतं. तुमच्या आजोबांना मुळीच यायचं नव्हतं. मुलाच्या घरी मी पाहुणा होईन, इथे मी कामाचा माणूस आहे, असं ते म्हणत. ते खोटं नव्हतं. घर तुमच्या बाबाच्या नावावर होतं, पण चालत होतं ते आजोबांच्या हातांवर. त्यांनी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात हयात घालवली होती. गॅरेजचं दार अडकलं, स्वयंपाकघरातला दिवा फडफडला, बाथरूमचा पंखा घरघरला की ते आपली निळी पेटी घेऊन उठायचे. त्या चार वर्षांत दुरुस्तीसाठी बाहेरचा माणूस घरात आला नाही.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर तुमच्या बाबाने रविवारच्या व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगितलं. आमच्याच कॉलनीत एका घराचं हिटिंग थंडीत बंद पडून पाण्याचे पाइप फुटले होते, आणि खालचा सगळा मजला गेला होता. ते त्याच्या कानावर आलं होतं. तो आजोबांना अण्णा म्हणतो, हे तुम्हाला माहीत आहे.

"अण्णा, या हिवाळ्यात हिटिंगने त्रास दिला ना, तर मी घर सेलवर टाकणार," तो म्हणाला. "मग नो डिस्कशन. इथे खालची बेडरूम रिकामीच आहे."

आजोबा म्हणाले, हिटिंग माझ्यावर सोड. कॉल संपल्यावर त्यांनी त्याच दिवशी फर्नेसचा फिल्टर बदलला.

फर्नेस म्हणजे बेसमेंटमधलं ते उभं राखाडी कपाट, ज्याला धाकटा लहानपणी घाबरायचा. ती कशी चालते हे मला आजोबांनी शिकवलं, म्हणजे ते शिव्या देत काम करत असताना मी ऐकून शिकले. वर दिवाणखान्याच्या भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. घर गार झालं की तो एका बारीक तारेतून खाली निरोप पाठवतो, की ऊब हवी. निरोप पोचला की फर्नेस आधी एक लहान पंखा फिरवते, मग पेटवायची कांडी लाल होते, मग गॅस सुटतो, ज्योत लागते, आणि सगळ्यात शेवटी मोठा ब्लोअर गरम हवा घरभर ढकलतो. यातलं एक जरी अडलं, तरी पुढचं काही होत नाही. आजोबांची पद्धत अशी, की वीज जिथून निघते तिथून सुरुवात करायची आणि मीटर लावत एकेक पायरी उतरत जायची. ज्या पायरीवर ती भेटत नाही, तिथे बिघाड. आधीच अंदाज बांधायचा नाही. घाईने भाग बदलायचे नाहीत. अंदाजाने भाग बदलणाऱ्या माणसाला ते सुतार म्हणायचे, आणि सुतारांवर त्यांचा काय राग होता कोण जाणे.

या पद्धतीत माझं काम बॅटरी धरण्याचं. लग्न झाल्यापासून मी बॅटरी धरत आले. हात हलला की ते म्हणायचे, "तू माणूस नाहीस, खांब आहेस असं समज." लाल तारेवर उजेड टाक म्हटलं आणि माझा हात नारिंगीवर गेला, की माझ्या एम.ए.ची आठवण निघायची. महाराष्ट्र मंडळाचे लोक जेवायला आले असताना त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "हिला इंग्रजीतलं सगळं कळतं. फक्त आपण काय मागितलं, ते कळत नाही." सगळे हसले. मीही हसले आणि ताटात कोशिंबीर वाढली.

अलीकडे त्यांची नजर अधू झाली होती. समोरचं मधोमध पुसल्यासारखं दिसायचं, कडेचं थोडंफार दिसायचं. फर्नेसच्या आत एक बारीक दिवा असतो, तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून यंत्राला काय झालं आहे ते कळतं. तो त्यांना मोजता येईना. मग मी मोजून सांगायचे. पण त्यांनी दोनदा विचारल्याशिवाय मी सांगत नसे. पहिल्यांदा ऐकलं नाही असं दाखवायचे. हे मी मुद्दाम करत होते.

त्या जानेवारीत बिघाड सुरू झाला. दुपारी घर गार पडू लागायचं. थर्मोस्टॅटवर हीट ऑन असं दिसायचं, खाली फर्नेस गप्प. मी आजोबांना सांगायचे, ते पेटी उचलायचे, आणि बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून म्हणायचे, "ते काढ आधी."

ते म्हणजे वाळत घातलेले कपडे. आपल्या कॉलनीचा नियम होता की बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. बाल्कनीच्या कठड्यावर मी एकदा पंचा टाकला, तर चिठ्ठी आली होती. माझ्या सुती साड्या ड्रायरमध्ये घातल्या की चिंध्या होतात, म्हणून मी त्या बेसमेंटमध्ये फर्नेसजवळ वाळत घालायचे. साड्या आणि परकर. आणि आजोबा बायकांच्या वाळत घातलेल्या परकराखालून जात नसत. देवाला हात न जोडणारा, माझ्या संकष्टीची दर महिन्याला टिंगल करणारा माणूस, पण परकराखालून नाही. पुरुषाचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना त्यांच्या आईने लहानपणी सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, की तुमचा यावर विश्वास आहे का? म्हणाले, "विश्वास नाही. पण कशाला?"

म्हणून मी आधी खाली जायचे, ओले कपडे काढून बादलीत भरायचे, बादली लाँड्रीच्या खोलीत नेऊन ठेवायचे, आणि मग त्यांना हाक मारायचे. तोवर फर्नेस आपोआप सुरू झालेली असायची.

चालू यंत्रात बिघाड शोधता येत नाही. आजोबा तरीही शोधायचे. पुढचं झाकण काढायचे आणि एकेका जागी मीटरची टोकं टेकवायचे. मी आकडा वाचून सांगायचे, आणि आकडा बरोबर असायचा. ते झाकण लावायचे. तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

त्यांनी विचार मात्र अचूक केला होता, हे मला इथे लिहिलं पाहिजे. दुसऱ्याच आठवड्यात ते म्हणाले, "वर मागणी आहे. खाली आतल्या दिव्याला काही तक्रार नाही. म्हणजे मागणी खाली पोचतच नाहीये. दोष मधल्या तारेत आहे." त्यांनी तार तपासली, ती शाबूत निघाली. नवी तार ओढायची म्हणाले, तर तुमच्या बाबाने फोनवर बजावलं की भिंतींना हात लावायचा नाही, आणि त्याने टेक्निशियन पाठवला.

टेक्निशियन दोनदा आला. दाढीवाला, हळू बोलणारा, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून जिना उतरणारा माणूस. तो वेळ ठरवून यायचा, आणि परक्या माणसासमोर आपले परकर कसे लोंबत ठेवायचे, म्हणून मी सगळं आधीच काढून ठेवायचे. पहिल्यांदा त्याने काहीतरी पुसून स्वच्छ केलं. दुसऱ्यांदा त्याला काहीच सापडलं नाही. आजोबा त्याच्यामागे उभे राहून आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत त्याला तारेबद्दल सांगत होते. तो मान डोलवत होता, आणि नंतर बाहेर गाडीत बसून त्याने तुमच्या बाबाला फोन केला. फर्नेस उत्तम आहे, फक्त आतल्या स्क्रूंवर ओरखडे आहेत, कुणीतरी सारखं उघडतं आहे, असं त्याने सांगितलं. ते त्याने अदबीने सांगितलं असणार.

त्या रविवारी कॉलवर तुमच्या बाबाचा आवाज बदललेला होता. तो लहान मुलाशी बोलतात तसा, शब्द सुटे सुटे करून बोलला. "अण्णा, तुम्ही ते उघडणं बंद करा. प्लीज. तुम्हाला दिसत नाही."

आजोबा म्हणाले, दिसत नाही पण मोजता येतं. तुमचा बाबा म्हणाला, आकडे तर आईच वाचते.

आता माझी गोष्ट. मी रोजनिशी ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. धुणं कोणत्या दिवशी, दूध कधी आणलं, कोणाचा फोन आला, सगळं. धुण्याचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. आजोबांची फर्नेसची वहीही मीच लिहीत होते, ते सांगायचे आणि मी उतरवायचे: वार, वेळ, घराचं तापमान, दिवा कसा होता, पुन्हा कधी सुरू झाली. एका बुधवारी दुपारी ते झोपले असताना मी दोन्ही वह्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, खरं तर मी दुधाचा हिशोब शोधत होते म्हणून. आणि मला दिसलं. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार. एकही वार चुकला नव्हता.

मी खाली गेले. डिसेंबरात माझी कपड्यांची दोरी तुटली होती. छताला, तुळईपासून तुळईपर्यंत, एक तपकिरी तार आधीच लोंबत होती. जुन्या केबल टीव्हीची असेल, कुणाच्या कामाची नाही, असं समजून मी साड्या तिच्यावर टाकायला लागले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या तारेचा माग काढला. एक टोक वर जमिनीतून दिवाणखान्याकडे जात होतं. दुसरं टोक फर्नेसच्या कपाटात शिरत होतं.

मग मी आजोबांच्या पद्धतीने गेले. अंदाज नाही. दोन जुन्या साड्या पाण्यात बुडवल्या, न पिळताच आणल्या आणि तारेवर टाकल्या. फर्नेस चालू होती. थोड्या वेळाने ज्योतीचा आवाज थांबला, मग ब्लोअर हळूहळू मंदावत गेला. साड्या काढल्या. लहान पंखा फिरला, कांडी लाल झाली, ज्योत लागली. पुन्हा टाकल्या. बंद. पुन्हा काढल्या. सुरू. तीनदा केलं. ओल्या कपड्यांच्या ओझ्याने तार ताणली जात होती, आतलं टोक स्क्रूखालून सरकत होतं, आणि ओझं उतरलं की परत टेकत होतं. कपडे वाळले की, किंवा मी ते काढले की, सगळं ठीक. आजोबांनी एकदा, फक्त एकदा, माझे परकर वर असताना मीटर लावलं असतं, तर त्यांना मिनिटभरात सापडलं असतं.

बाहत्तराव्या वर्षी मला एवढा आनंद कशाचाही झाला नव्हता. हात गारठले होते, पदर भिजला होता, आणि मी जिना अक्षरशः पळत चढले, त्यांना सांगायला.

ते उठून बसले होते. फर्नेस तीनदा बंद-चालू झाल्याने त्यांना जाग आली होती. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "खाली कशाला गेली होतीस? हात लावलास ना कशाला तरी? आयुष्यभर बॅटरी धरलीस, तेवढंच कर. डोकं चालवू नकोस."

मी म्हटलं, चहा टाकते.

तेव्हा एवढंच ठरवलं होतं, की आज सांगायचं नाही. उद्या सांगू, त्यांनी नीट विचारलं तर सांगू. रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला, आणि आजोबा उठून गेल्यावर तो मला म्हणाला, "आई, इथे आलीस की मुलांना शाळेतून तूच आणशील. मला केवढी हेल्प होईल." मागे तुमचा कुणाचा तरी हसण्याचा आवाज येत होता. थोरली कॅमेऱ्यात डोकावली आणि म्हणाली, "आजी, यू कॅन हॅव माय ओल्ड डेस्क." फोन ठेवल्यावर मला कळलं की मी गप्प बसले, तर मला एकाच वेळी दोन गोष्टी मिळणार आहेत. तुम्ही मिळाल, आणि त्यांची जिरेल. कोणती आधी मनात आली, ते मी इथे लिहीत नाही. मला ते माहीत आहे.

नवी दोरी आणायला ओक ट्री रोडच्या देसी बाजारात जाणं काही अवघड नव्हतं. शेजारच्या काकू दर शनिवारी गाडीने जायच्या, मलाही नेत असत. मी त्यांच्याबरोबर गेले, कढीपत्ता आणला, दोरी आणली नाही. मंगळवारी कपडे तारेवरच टाकले. शुक्रवारीही.

आजोबा आता स्वतःवर शंका घेऊ लागले होते. आधी ते मला आकडा दोनदा विचारायचे. मग माझ्यावर नाही, स्वतःच्या प्रश्नावरच त्यांचा भरवसा उरला नाही. झाकण लावल्यावर परत काढायचे, स्क्रू सगळे लागले का ते बोटांनी चाचपायचे. एकदा म्हणाले, "मी मघाशी मेन स्विच बंद केला होता का गं?" केला होता. मी म्हटलं, मला काय माहीत, मी खांब.

फेब्रुवारीत तुमचा बाबा दोन दिवसांसाठी आला. घर डोळ्यांनी बघतो म्हणाला. शुक्रवारी सकाळी उतरला. मी त्या दिवशी साड्यांबरोबर दोन जाड पलंगपोसही धुतले. कोणाला गरज नव्हती त्यांची. ते पाण्याने जड झालेले मी दोन्ही हातांनी उचलून तारेवर टाकले आणि वर येऊन पोह्यांना फोडणी दिली.

पोहे खाता खाता घर गार पडायला लागलं. तुमच्या बाबाने थर्मोस्टॅटकडे पाहिलं. आजोबांनी बशी ठेवली, पेटी उचलली आणि मीटर हातात घेतलं. ते जवळजवळ खूश दिसत होते, कारण बिघाड मुलाच्या डोळ्यांसमोर झाला होता. आता त्याला दाखवता येणार होतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर ते थांबले.

"ते काढ आधी," ते म्हणाले.

मी खाली गेले. मागून दोघं जिन्यात उभे. मी पलंगपोस काढले, साड्या काढल्या, परकर काढले, सगळं छातीशी धरून बाजूला झाले. आजोबा शेवटच्या दोन पायऱ्या उतरून फर्नेससमोर आले आणि त्यांनी झाकणाला हात लावला. तेवढ्यात लहान पंखा फिरायला लागला. मग कांडी, मग ज्योत.

तुमच्या बाबाने विचारलं, "आता काय केलंत?"

"काही नाही. हात लावला फक्त."

"तेच तर," तो म्हणाला. "तुम्ही लांब असता तेव्हा बंद पडते, तुम्ही हात लावलात की चालू होते. तुम्हीच काहीतरी करून ठेवता अण्णा, आणि मग रिपेअर केल्याचं नाटक करता. टेक्निशियनलाही तेच वाटलं, तो फक्त बोलला नाही. कशासाठी? घरात राहायला मिळावं म्हणून?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या जरा बाजूला पाहिलं, कारण त्यांना कडेनेच दिसतं. मला वाटतं, त्यांना एवढंच हवं होतं की मी म्हणावं, नाही रे, असं नाही. मी चाळीस दिवस त्यांच्या वहीत त्यांचंच बोलणं उतरवलं होतं. माझ्या हातातल्या ओझ्यातून पाणी ठिबकत होतं, माझ्या पायांवर आणि सिमेंटवर. मी म्हटलं, "हे लाँड्रीत ठेवून येते."

परत आले तेव्हा मीटर तुमच्या बाबाच्या हातात होतं. त्याने ओढून घेतलं नव्हतं. त्याने हात पुढे केला आणि आजोबांनी ते दिलं, तारा नीट गुंडाळून. निळी पेटी त्याने भाड्याच्या गाडीच्या डिकीत टाकली. विमानात नेता येणार नाही म्हणून वाटेत कुठेतरी देऊन टाकली असेल, मी विचारलं नाही. त्यानंतर एकाही मंगळवारी फर्नेस बंद पडली नाही, कारण सोमवारीच मी काकूंकडून दोरी मागून आणली. आजोबांना पेटी नेल्यावर बिघाड थांबलेला दिसला. तुमच्या बाबालाही दिसला. त्याने फोनवर एवढंच म्हटलं, "बघ आई."

घर मार्चमध्ये विकलं गेलं.

मी तुमच्यासाठी अर्विंगला नेण्याची एक यादी केली होती. पुरणयंत्र, थोरलीच्या बाहुलीचे कपडे, धाकट्याला आवडणाऱ्या चकल्यांचा सोऱ्या. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तुमच्या बाबाने सांगितलं की खालच्या बेडरूममध्ये आता त्याचं ऑफिस आहे, आणि मुलं मोठी झाली, त्यांना आपापली खोली लागते. सध्या तुम्ही तिकडेच, न्यू जर्सीतच, सीनियर लोकांच्या एका छान बिल्डिंगमध्ये राहा, तिथे खूप देसी लोक आहेत, सोबत होईल. सध्या, हा शब्द त्याने तीनदा वापरला. शाळेतून आणायचं काय, असं मी विचारलं. आता बस आहे ना, तो म्हणाला. थोरली कॅमेऱ्यात आली. "बट यू कॅन कम फॉर थँक्सगिव्हिंग, आजी," ती म्हणाली. बेटा, तुझा त्यात काही दोष नाही. पण ते तू म्हणालीस.

सामान गेलं त्या दिवशी रिकाम्या घरात आम्ही दोघंच होतो, टॅक्सीची वाट बघत. आजोबा कुठे दिसेनात. बेसमेंटचा दिवा लागलेला होता. तिथे आता कपडे नव्हते, दोरीही नव्हती. मी वरच थांबले. बऱ्याच वेळाने ते भिंतीला धरून वर आले, बोटं काळी झालेली.

"सापडलं," ते म्हणाले. "चाचपून सापडलं. थर्मोस्टॅटच्या तारेत आतली लाल तार असते ना, तिचा स्क्रू सैल होता. दोन वर्षांपूर्वी मी थर्मोस्टॅट बदलला तेव्हा तो मीच लावला होता." नंतर म्हणाले, "नाण्याने आवळला. स्क्रूड्रायव्हर नव्हता."

मी त्यांचा कोट पुढे धरला.

"माझीच चूक होती," ते म्हणाले. "तो म्हणाला ते बरोबर होतं, मीच बिघडवून ठेवलं होतं. तुला उगाच बोलत होतो."

एवढ्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी असं पहिल्यांदा बोलले. मी त्यांच्या कोटाची बटणं लावली आणि म्हटलं, "असू दे आता."

आम्ही राहतो त्या बिल्डिंगमध्ये खोल्या स्वच्छ आहेत. भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकची पेटी आणि पेटीला कुलूप. किल्ली ऑफिसात असते. आजोबांना त्यांच्या डोळ्यांनी तो आकडा वाचता येत नाही, मला येतो, आणि आम्हा दोघांनाही तो बदलता येत नाही. कपडे वाळत घालायला मनाई आहे, साड्या ड्रायरमध्ये जातात. जमिनीजवळ एक जाळी आहे, तिथून गरम हवा येते. आजोबा खुर्ची तिच्याजवळ घेऊन बसतात आणि हवा आली की सांगतात, "आली." थांबली की सांगतात, "गेली." पहिल्या आठवड्यात मला वाटलं ते मला सांगताहेत. तसं नाही. वही नसली तरी ते नोंद ठेवत आहेत.

आत्ताही तिथेच बसले आहेत. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी हे त्यांच्यासमोर बसून लिहू शकते. मघाशी त्यांनी विचारलं, की काय चाललंय. मी म्हटलं, मुलांना लिहिते आहे, जुन्या घराबद्दल.

"फर्नेसचं लिही," ते म्हणाले.

"लिहिलं आहे."

"स्क्रूचंही लिही. माझी चूक कशी झाली ते नीट लिही, त्यांना उपयोगी पडेल." मग त्यांनी विचारलं, "लिहिलंस?"

मी म्हटलं, लिहिलं.